आठ फर्म्यांची वही

मुलांनो, जरा एक गंमत करून पाहा. तुम्ही दोन्ही हातांत लोकरीचे मोजे घातलेत असं समजा. एकावर एक तीन जोड, तेही ओले आणि घट्ट. आता शर्टाची बटणं लावा. नळ सोडा. दप्तराची चेन ओढा. जमतंय का? आता त्या मोज्यांच्या आत, बोटांच्या प्रत्येक सांध्यात, एकेक तापलेला खडा अडकलाय असं समजा. मोजे काढून टाकू म्हणाल, तर ते काढता येत नाहीत. कारण ते मोजे नाहीतच, तुमचेच हात आहेत.

एवढं मनाशी धरलंत की या गोष्टीतली आई तुम्हाला निम्मी तरी कळली.

ही आई पुस्तकं बांधायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर खिडकीशी दोन टेबलं, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, पुठ्ठ्यांची चळत आणि खळीचं पातेलं. ग्रंथालयातून जुनी, खिळखिळी झालेली पुस्तकं यायची. आई त्यांची पानं सुटी करायची, फाटलेली सांधायची आणि पुन्हा शिवायची. सोळा-सोळा पानांची एकेक घडी असते, तिला फर्मा म्हणतात. असे फर्मे एकावर एक ठेवून, कण्यात भोकं पाडून सुई-दोऱ्यानं शिवत जायचं. त्यात सगळी मेख दोरा किती ओढायचा यात असते. सैल राहिला तर पुस्तक लोंबतं, जास्त ओढला तर कागद फाटतो. आईच्या हाताला ती ओढ अशी बसली होती की शेजारणीशी गप्पा मारता मारता ती शिवायची आणि एक टाका इकडचा तिकडे व्हायचा नाही.

मग तिला आमवात झाला. आपल्या अंगात रोगजंतूंशी लढणारे पहारेकरी असतात ना, ते या दुखण्यात चळतात. घरच्याच माणसांना चोर समजून झोडपायला लागतात. आईच्या पहारेकऱ्यांनी तिच्या बोटांचे सांधे धरले होते. सकाळी उठल्यावर दीड-दोन तास मूठ वळायची नाही. पेला दोन्ही तळव्यांत धरून उचलावा लागायचा. सुई तर दिसायची, पण चिमटीत यायची नाही.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली होती, आठवड्यातून एकदाच घ्यायची. गुण यायला दोन-तीन महिने लागतात, मध्येमध्ये रक्त तपासू, धीर धरा, असं त्या म्हणाल्या होत्या. आईनं विचारलं, रोज घेतली तर लवकर गुण येईल का? त्यावर बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि चांगलंच बजावलं, की रोज घेतलीत तर जिवावर बेतेल, तेव्हा वार ठरवा आणि तो मोडू नका. आईनं सोमवार ठरवला. असे सहा सोमवार झाले. हात होते तिथेच होते.

दवाखान्यात बाकावर तिच्या शेजारी एक केस कापणारी बाई बसायची. दुखणं तेच, गोळी तीच, आणि सुरुवातही एकाच आठवड्यात. पाचव्या आठवड्यात ती बाई हसत हसत सांगायला लागली, की अहो, काल मी चक्क कात्री चालवली, बरणीचं झाकणसुद्धा उघडलं. आईनं तोंडदेखलं "वा" म्हटलं. मनात मात्र तिला वाटलं, हिच्या बरणीचं झाकण पुन्हा एकदा चांगलं घट्ट बसू दे. असं वाटल्याचं तिला वाईटही वाटलं, पण फार नाही.

तो हेवा निदान दवाखान्यातच राहायचा. खरा हेवा घरात होता, आणि तो रोज सकाळी नऊ वाजता चपला काढून आत यायचा.

तो म्हणजे मावशी. आईची धाकटी बहीण. ग्रंथालयाची पुस्तकं अडून राहायला नकोत म्हणून ती मदतीला यायला लागली होती. हे काम तिला आईनंच शिकवलेलं, मध्ये बरीच वर्षं तिनं दुसरीकडे नोकरी केली एवढंच. आता ती आईच्या टेबलाशी, आईच्या स्टुलावर बसायची, बेसूर गाणी म्हणायची आणि सपासप शिवायची. आई समोर खुर्चीत बसून बघायची. मावशीची बोटं कशी वळतात, अंगठा कसा दबतो, दोरा दातानं कसा तुटतो, सगळं तिच्या डोळ्यांत खुपायचं. कधी कधी तिला वाटायचं, हिनं एकदा तरी चुकावं. मावशी चुकायची नाही. मग आई म्हणायची, खळ जरा पातळ झालीय. मावशी म्हणायची, बरं ताई, आणि खळीत पीठ घालायची. भांडायलासुद्धा काही हाती लागायचं नाही.

आणि या दोघींच्या मध्ये होती आईची मुलगी. एका जागी कधी ठरायची नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. तिला नुकतंच दहावं लागलं होतं. त्यांच्या घरात एक रीत होती. दहाव्या वर्षी मुलानं आपली पहिली वही शिवायची, कोऱ्या आठ फर्म्यांची. शिकवणाऱ्यानं मुलाच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि दोघांनी मिळून दोरा ओढायचा. आईचा हात तिच्या वडिलांनी असाच धरला होता. दोऱ्याची ओढ ही तोंडानं सांगायची गोष्ट नाही, ती हातातून हातात जाते, असं ते म्हणायचे. आईनं भिंगरीला कधीपासून कबूल केलं होतं, की तुझा हात मी धरणार.

पण आता धरणार कशी? भिंगरी विचारायची, आई, कधी? आई म्हणायची, गोळी लागू पडू दे. पुढच्या सोमवारी भिंगरी पुन्हा विचारायची. मावशीनं एकदा भीत भीत म्हणून पाहिलं, ताई, तोवर मी दाखवू का तिला? आई फटकन म्हणाली, "माझी मुलगी आहे. माझे हात गेलेत, मी नाही गेले." त्यानंतर तो विषय कुणी काढला नाही. भिंगरीनं विचारायचंही सोडलं. आईला वाटलं, पोरीला समज आली.

सातव्या सोमवारची गोष्ट. आईनं सकाळी गोळी घेतली. भिंगरी शाळेत गेली होती आणि मावशी बांधलेली पुस्तकं पोचवायला ग्रंथालयात. आईला चिंधी हवी होती म्हणून तिनं मनगटानं टेबलाचा खण ओढला. चिंध्यांखाली एक वही होती.

पुठ्ठा अजून चढवायचा होता, नुसतेच शिवलेले फर्मे. आईनं ते मोजले. आठ. कण्यावर टाके मुंग्यांच्या रांगेसारखे एकामागे एक लागले होते. पहिल्या दोन फर्म्यांवर जरा वाकडे, मग सुधारत गेलेले. म्हणजे हे मावशीचं काम नव्हतं. मावशीचा टाका पहिल्यापासून सरळ असतो.

आईनं वही उजेडात धरली आणि चूक शोधायला लागली. खालून वरून पाहिली. तळव्यानं दाबून पाहिली. ओढ कुठे सैल नव्हती, कुठे कागद फाटला नव्हता. जशी हवी तशीच. पोरीनं हे कधी शिकून घेतलं? आपण दुपारी आत पडलेलो असताना? दोघी हळू आवाजात हसायच्या, ते याच्यासाठी? या वहीत आपला हात कुठेच नाही, एका टाक्यातसुद्धा नाही, हे तिच्या लक्षात आलं.

पुठ्ठे कापायची सुरी टेबलावर पडली होती. सुरीला चिमूट लागत नाही. तिची जाड मूठ आईनं दोन्ही तळव्यांत दाबून धरली आणि पातं कण्यावरून वरपासून खालपर्यंत ओढलं. टाके एकेक करून सुटले. फर्मे सुटे झाले आणि टेबलावर पसरले. सात आठवड्यांत तिच्या हातून झालेलं एवढं एकच काम नेटकं झालं होतं.

तिनं फर्मे गोळा केले, खणात कोंबले आणि वर चिंध्या घातल्या. मग खुर्चीत बसून राहिली. सांध्यांतून कळा निघत होत्या, पण त्यांच्याकडे तिचं लक्ष नव्हतं.

तुम्हाला वाटेल, मोठी माणसं असं कुठे करतात? करतात. फक्त लहान मुलांसारखं लगेच सांगून टाकत नाहीत.

चार वाजता मावशी आली, मागोमाग भिंगरी. आई आत गेली आहेसं दाखवून पडद्याआड उभी राहिली. खण उघडल्याचा आवाज आला.

"मावशी, हे सुटलं सगळं," भिंगरी म्हणाली.

मावशीनं फर्मे हातात घेतले, दोऱ्याचं टोक बोटावर धरून पाहिलं. शिवणाऱ्या बाईला हे काही सांगावं लागत नाही. तुटलेल्या दोऱ्याला पिंजलेलं शेपूट असतं, कापलेल्याला नसतं. तिनं मान वर केली, पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली ताईची पावलं दिसत होती.

"दोरा जुना निघाला गं," मावशी म्हणाली. "दोऱ्याचाच दोष."

"दोरा नवा होता. तू माझ्यासमोर रीळ फोडलंस." भिंगरीचा आवाज बारीक झाला. "माझी ओढच जास्त झाली असणार. आई म्हणते ना, हात धरल्याशिवाय येत नाही. नाहीच येत मला. मी नाही शिवणार आता."

"अगं, पुन्हा करू."

"नको. कधीच नको."

पडद्याआड आईनं हे ऐकलं. जे झालं होतं ते तिला हवं तसंच झालं होतं. पोरगी आता मावशीकडे शिकणार नव्हती. गप्प राहिलं की पुरे. मावशी तोंड उघडणार नाही हेही तिला ठाऊक होतं, लहानपणापासून मावशीनं तिच्या कितीतरी गोष्टी अशाच पोटात घातल्या होत्या. पण कधीच नको म्हणताना भिंगरीनं आपले दोन्ही हात पाठीमागे लपवले, ते पडद्याच्या फटीतून आईला दिसलं. जसं काही त्या हातांतच खोट होती. स्वतःचे हात असे लपवायची सवय आईला गेले सात आठवडे होती. एवढ्या लहान पोरीला ती लागायला नको होती.

ती बाहेर आली.

"तुझी ओढ बरोबर होती," ती म्हणाली. "अगदी हवी तेवढी. मी दुपारी तपासली. तो दोरा मी कापला."

भिंगरी बघत राहिली. "मुद्दाम?"

"मुद्दाम."

"का?"

आईला पुष्कळ कारणं सुचली. तिनं त्यातलं खरं तेवढं उचललं. "मला मावशीचा हेवा वाटला. तुझाही वाटला थोडा. तुम्हा दोघींचे हात चालतात म्हणून."

भिंगरी रडली नाही, ओरडलीही नाही. चपला घातल्या आणि बाहेर निघून गेली. फाटक वाजलं, आणि गल्लीतून पावलांचा आवाज लांब गेला.

मावशी टेबलावरचे दोऱ्याचे तुकडे गोळा करत होती. "ताई," ती म्हणाली, "सुरी धरता येते म्हणजे गुण यायला लागला म्हणायचा."

आईला हसू आलं नाही. "मला बोल ना काहीतरी. भांड तरी."

"भांडेन. तू बरी झालीस की." मावशीनं तुकडे कागदात गुंडाळले. "तुला न सांगता चोरून शिकवलं, ते माझंही चुकलंच. पण पोरगी मला रोज विचारायची गं, आणि तुला विचारायला घाबरायची. शिकवताना मी तिचा हात धरला नाही बरं का. तेवढी जागा ठेवली होती तुझ्यासाठी."

आईनं खिडकीतून फाटकाकडे पाहिलं. औषधाची वाट बघताना निदान कॅलेंडर असतं, सोमवार मोजता येतात. रुसून गेलेल्या पोरीची वाट बघायला तसलं काही नसतं. दोघी बहिणी खिडकीशी बसून राहिल्या. मावशीनं चहा केला, आईनं तो दोन तळव्यांत धरला. तो निवला तरी पेला तसाच भरलेला राहिला.

ऊन उतरल्यावर फाटक वाजलं. भिंगरी आत आली. गुडघ्यांना माती, केसात काटक्या. कुणाकडे न बघता तिनं सुरी उचलली, स्टूल ओढलं, त्यावर चढून कपाटाच्या पार वरच्या फळीवर ती ठेवून दिली. मग मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, बोट न् बोट पुसलं. कोरे कागद घेतले आणि नव्यानं आठ फर्मे दुमडले. सुट्या झालेल्या जुन्या फर्म्यांना तिनं हात लावला नाही. सुईत दोरा ओवून ती आईच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली.

"हात नाही धरायचा," ती म्हणाली. "तुझा दुखतो. किती ओढू ते तोंडानं सांग."

"तोंडानं सांगता येत नाही गं ते," आई म्हणाली.

"मग शोधून काढ."

मावशीनं खळीच्या पातेल्यात तोंड घातलं, कारण तिला हसू आवरेना. आईनं डोळे मिटले. वीस वर्षं हातानं केलेल्या गोष्टीला शब्द शोधायचे म्हणजे काय, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं. ती बराच वेळ शोधत होती. भिंगरी सुई धरून थांबली होती, आणि थांबायची तर तिला अजिबात सवय नव्हती.

"हे बघ," आई शेवटी म्हणाली. "शेजारी माणूस गाढ झोपलंय. त्याच्या अंगावरची चादर थोडी आपल्याकडे घ्यायचीय. चादर यायला हवी. पण तो जागा होता कामा नये. तेवढं ओढ."

भिंगरीनं थोडा विचार केला. मग श्वास रोखून दोरा ओढला, अगदी सावकाश. दोरा कागदाला टेकला आणि थांबला. बरोबर झालं का, असं विचारायला तिनं मान वर केली नाही. तिनं दुसरा फर्मा उचलला.