लिंबू फोडणाऱ्या तिघांतला धाकटा

मी एका जुन्या घराण्यातला धाकटा आहे, मित्रांनो. मंडईमागे कुजलेल्या लिंबांखाली काळा, कोंदट चिखल साचतो. त्यातल्या जिवाणूच्या पोटात आमचं घर. लिंबाला आंबट करणारं आम्ल फोडायचं आणि जिवाणूला जगवायचं, हा आमचा पिढीजात धंदा. आम्ही तिघे भाऊ, म्हणजे तीन प्रथिनं, मिळून एक एन्झाइम होतो. थोरला आम्ल माझ्या हातावर ठेवतो, मी ते मधल्यापुढे नेतो, मधला ते फोडतो. मी नसलो की ते दोघे नुसते ढेरपोटे. हे त्यांना कधी कळलं नाही. आकाराने मोठे असणाऱ्यांना सहसा कळत नाहीच.

वाघोलीच्या एका कॉलेजातल्या अपेक्षाने तो जिवाणू नेला, वाढवला आणि आम्हाला बाहेर काढलं. तिच्या पीएचडीचं हे शेवटचं वर्ष. शुक्रवारी समितीला आम्ल फुटताना दाखवलं नाही, तर नोंदणी रद्द होणार होती.

बाहेरच्या पाण्यात आमची जूट सुटली. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलीच्या पट्टीवर आमच्या निळ्या रेघा उमटल्या. थोरल्याची ठसठशीत, मधल्याची बरी, अगदी तळाशी माझी पुसट. तिचे मार्गदर्शक बद्रीनाथ सर म्हणजे विद्वान माणूस, डोळ्यांना फक्त मोठंच दिसतं. त्यांनी थोरल्याच्या रेघेचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला आणि बोट तळाकडे नेलं.

"हा कचरा आहे. बारीक गाळणीतून गाळून टाक."

मोठे वर राहिले. मी खाली गळालो. माझ्या नळीवर 'टाकाऊ' अशी चिठ्ठी लागली.

तीन दिवस आम्ल तसूभरही फुटलं नाही. अपेक्षाचे डोळे सुजले.

"तुझ्यापेक्षा सरबतवाला बरा," सर म्हणाले. "तो निदान लिंबू पिळून तरी दाखवतो."

गुरुवारी दुपारी काचसामान धुणारे मच्छिंद्रकाका बर्फातली माझी नळी घेऊन बेसिनपाशी उभे राहिले. विचारल्याशिवाय थेंबही ओतायचा नाही, ही त्यांची जन्माची सवय.

"मॅडम, हे ओतू का?"

माझा जीव, असलाच तर, त्या प्रश्नावर टांगला होता. अपेक्षाने नळीकडे पाहिलं, मग पट्टीच्या तळाशी माझ्या पुसट रेघेकडे.

"थांबा काका! ओतू नका!"

तिने माझा एक थेंब भावांमध्ये सोडला. आम्ल फुटलं की यंत्रावरचा आकडा उतरतो. तो झरझर उतरू लागला. अपेक्षा स्टुलावर बसून ढसाढसा रडली. भावांनी ओळखही दाखवली नाही.

शुक्रवारी सर समितीला म्हणाले, "धाकट्यावर माझी पहिल्यापासून नजर होती." माझ्या हातात आम्ल होतं, नाहीतर तोच हात कपाळावर मारून घेतला असता.

संध्याकाळी अपेक्षाने 'टाकाऊ' खोडून माझं नाव लिहिलं आणि खाली 'मच्छिंद्रकाकांनी वाचवला' असंही लिहिलं. मित्रांनो, मोठ्यांना जपायला जग आहे. तुम्ही फक्त ओतण्याआधी एकदा विचारा. त्याला पीएचडी लागत नाही. असली की उलट आड येते.