पायताण काढून मॅरेथॉन

मॅरेथॉनमध्ये मांडी घालून जेवणारा माणूस हैदराबादेनं तोवर पाहिला नसावा. तो माणूस माझा नवरा, किशनराव. उखाण्याशिवाय नाव घेतलं, पण साठीजवळ आलेल्या बाईला एवढी सूट असावी.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली. हुमनाबादच्या आमच्या बियाण्याच्या दुकानातून चौघांनी उचलून गाडीत घातलं, आणि पुढं कितीतरी महिने खाटेवरून खुर्चीत, खुर्चीवरून खाटेवर असं उचलणंच चाललं. दुखण्यापेक्षा ते उचलणं ह्यांना जास्त लागलं. पाय चालू लागल्यावर डॉक्टरांना विचारून हैदराबादच्या अर्ध्या मॅरेथॉनमध्ये नाव घातलं, तेव्हा हे म्हणाले, "पैला नंबर तरण्या पोरांना राहू दे. मला कुणी उचलायचं न्हाई, एवढंच." ह्यांना एकटं सोडवेना, म्हणून मीही नाव दिलं.

शर्यतीत सगळ्यात मागून एक गाडी येते, मागं राहिलेल्यांना भरून न्यायला. पहिल्या पावलापासून माझा जीव त्या गाडीपायी टांगणीला लागला. ह्यांचं सगळं लक्ष रस्त्याकडेच्या टेबलांवर. केळी, संत्र्याच्या फोडी, चिक्की पुढं करून पोरी "लीजिए अंकल" म्हणाल्या, की हे थांबायचे. बूट काढायचे, फुटपाथवर मांडी घालायचे आणि निवांत खायचे. उठताना त्या पोरींना हात जोडायचे.

आमच्याकडं मार्गशीर्ष अमावास्येला येळवस असते, रानात पूजा करून सगळ्यांना जेवू घालायचा सण. त्या दिवशी शेतात जेवायला हाक मारणाऱ्याच्या बांधावरून उपाशी पुढं जाणं म्हणजे त्याचा अपमान. आणि रानात खायला बसायचं ते पायताण काढूनच. ही रीत ह्यांनी हैदराबादच्या डांबरी रस्त्यावर आणली.

"अवो, बूट कामून काढायलाव?" मी ओरडले. "पळायला आलाव का जेवायला?"

"बोलवायलेत गं लेकरं. न्हाई कसं म्हनू?"

मी मात्र एकाही टेबलाला शिवले नाही. पुढं जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहायचे, मागं गाडी दिसतेय का बघायचे आणि मनातल्या मनात ह्यांचा उद्धार करायचे. फ्लायओव्हर उतरताना माझ्याच पोटरीत गोळा आला. ओरडत मी कठड्याला धरून खाली बसले. नेमकी तेव्हाच ती गाडी दिसली.

मी म्हणाले, "आता बसू गाडीत. लई झालं."

"तुला बसायचं तर बस. मी न्हाई बसणार." मग माझ्या तोंडाकडं बघून ह्यांचा आवाज उतरला. "सकाळधरनं काय खाल्लीस?"

"काय न्हाई."

"मग गोळा येईल न्हाई तर काय होईल! काढ बूट."

मी मुकाट्यानं काढले. ह्यांनीही काढले, शेजारी बसले, खिशातली केळी आणि चिक्की माझ्या हातात दिली आणि माझी पोटरी चोळू लागले. गाडी येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, बैठ जाओ. टाइम खतम हो रा."

"हौ भाई, पैले खाना हो जाने दो," हे म्हणाले आणि एक केळं त्याच्याकडं केलं. तो हसला, खाली उतरला. थोडं घुटमळून त्यानंही चप्पल काढली आणि आमच्यासमोर उकिडवा बसला. मला हसू आलं. येळवशीला आमच्या रानात माणसं अशीच वाढत जातात.

गोळा सुटला तशी मी उठले. ह्यांनी हात पुढं केला, डावा. तो धरून निघाले. मागून गाडी बैलगाडीच्या चालीनं येत राहिली, पण ड्रायव्हरनं पुन्हा बसा म्हटलं नाही.

पोचलो तेव्हा शेवटची कमान उतरवून गुंडाळून ठेवली होती. घड्याळ बंद होतं. खुर्च्या रचणारी एक मुलगी अवघडून म्हणाली, "सॉरी अंकल, टाइम खत्म हो गया. मेडल नहीं मिलेगा."

"आये ना बेटा, पाँव पे?" ह्यांनी विचारलं. आणि सबंध दुखण्यात कधी न रडलेला माणूस तिथं हुंदके देऊन रडू लागला. मी ह्यांना धरून उभी राहिले. अख्खी शर्यत ह्यांना बोल लावत आले होते, आता ह्यांची पाठ चोळत राहिले. वारं गेलं त्या दिवशी दवाखान्यात मी देवाकडं फक्त ह्यांचा जीव मागितला होता. पाय मागायची हिंमतच झाली नव्हती.