ध्रुवयानाचा ड्रायव्हर

संजीवनीने आपल्या नवऱ्याला अंतराळयानावर चढवलं ते सासऱ्याशी झालेल्या एका भांडणामुळे.

भांडण 'ध्रुवयान'वरून होतं. ही परदेशी मालिका हिंदीत डब होऊन यायची आणि वरवट बकाल गावातल्या दोन खोल्यांत सून आणि सासरा मिळून ती बघायचे. पुंजाजी वीज खात्यातून लायनमन म्हणून रिटायर झालेले. यानातले दिवे गेले की ते खुर्चीत पुढे सरकायचे. "येवढं मोठं जहाज, अन् यायनं एक लायनमन नाही ठेवला!"

घरात तेव्हा दुसरं बोलणं नव्हतंच. पुंजाजींचा मुलगा प्रेमानंद, संजीवनीचा नवरा, वरवट बकाल ते शेगाव जीप चालवायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं आणि तिकडेच तो गेला. माती तिकडेच झाली. बायकोने पाहिलं नाही, बापाने पाहिलं नाही. त्यानंतर दोघंही त्याचं नाव टाळत आणि यानाबद्दल मात्र तासन् तास बोलत.

त्या रविवारी नव्या सीझनमध्ये यानावरचा डॉक्टर मेला. पुढच्याच भागात दुसऱ्या कुठल्या विश्वातून अगदी तसाच डॉक्टर येऊन त्याच्या खुर्चीत बसला. यानावरचे सगळे त्याच्याशी हसूनखेळून बोलू लागले.

"हे काही बरोबर नाही," पुंजाजी चिडले. "मेलेल्यासाठी दोन आसवं तं गाळा!"

"आता असंच असते, मामाजी. मरण म्हणजे काहीच नाही यायले. पहिले कसं, दर भागात नवा ग्रह, नवी अडचण, अन् शेवटी सारे एका टेबलावर जेवायले बसत. आता अंधारात एकमेकांवर खेकसतात नुसते."

"मंग पायतं काऊन?"

"तुमी काऊन पायता?"

"मले दुसरं काय हाय पाह्याले?" पुंजाजींचा आवाज चढला. "येवढं कळते तं तूच लिह ना. पोरायले टायपिंग शिकवतं, मंग दोन पानं तुले जड हायेत?"

ते रागाने बोलले होते, पण संजीवनीने ते मनावर घेतलं. आवडत्या मालिकेतली माणसं घेऊन आपल्या गोष्टी लिहिणारे लोक जगभर आहेत, त्याला फॅनफिक्शन म्हणतात, हे तिला ठाऊक होतं. टायपिंग क्लासची मुलं गेल्यावर ती तिथेच बसली. मालिकेतली कप्तान नोरा लिहिली, सगळे जेवायचे ते लांब टेबल लिहिलं. यान चालवायला कोणीतरी हवं होतं, आणि ते नाव लिहायचं असं न ठरवताच लिहिलं गेलं.

गोष्टीतला प्रेमानंद यान जीपसारखंच चालवायचा. खिडकी उघडत नसली तरी एक कोपर तिच्यावर टेकलेलं. ओसाड लघुग्रहावर कोणी हात दाखवला तरी थांबायचा आणि म्हणायचा, "बसा, बसा, लय जागा हाय." जागा कधीच नसायची.

तिने भीत भीत सासऱ्याला वाचून दाखवलं. पुंजाजी इतके हसले की शेजारच्या सिंधूताई डोकावून गेल्या.

"अगदी तसाच," डोळे पुसत ते म्हणाले. "हॉर्न बी वाजवू दे त्याले."

तेव्हापासून दर रविवारी एक भाग. आधी पुंजाजींना वाचून दाखवायचा, मग गोष्टींच्या अ‍ॅपवर टाकायचा. सांगलीच्या एका वाचकाने पहिल्यांदा लिहिलं की पायलटची भाषा फारच गावठी आहे. पुढे एका भागात प्रेमानंद आला नाही, तेव्हा त्यानेच विचारलं, "आमचा ड्रायव्हर कुठे गेला?" त्या दिवशी संजीवनी गाणं गुणगुणत घरी आली.

मग पुंजाजींचं विसरणं सुरू झालं. आधी गॅस बंद करायचा राहू लागला. मग बुद्धविहारातून घरी यायचा रस्ता सापडेना. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाईल. आणि एक दिवस जेवायला बसल्यावर ते म्हणाले, "प्रेमानंदले बी वाढ. तो उतरणार हाय ना आज?"

"मामाजी?"

"अशी काऊन पायतं? तूच तं वाचलं, सामान भरून निघाला म्हून."

त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

पुढे ते रोजचंच झालं. सकाळी ते ओट्यावर बसून वाट बघायचे. मुलाचा शर्ट पेटीतून काढून धुवायला टाकायचे. सिंधूताई म्हणाल्या, "हो म्हणत जाय बाई. म्हाताऱ्याच्या जिवाले तेवढंच बरं वाटते." संजीवनी हो म्हणत गेली. पण एका दुपारी तो शर्ट पिळताना तिचे हात थांबले. मेलेल्याच्या खुर्चीत तसाच दुसरा माणूस आणून बसवला म्हणून तिने त्या मालिकेला नावं ठेवली होती. तिने वेगळं काय केलं होतं? दर रविवारी नवऱ्याला यानावर बसवून ती निभावून नेत होती. रडायचं राहूनच गेलं होतं. ती तिथे मोरीतच बसली आणि शर्ट तोंडाशी धरून रडली.

तिने शेवटचा भाग लिहायला घेतला. लिहायला फार दिवस लागले. यानावर साथ येते. प्रेमानंद आजारी माणसांना एका स्थानकावर पोचवत राहतो आणि शेवटी स्वतःच काचेमागे पडतो. आत कोणालाच सोडत नाहीत. कप्तान नोरा काचेला हात लावून उभी राहते आणि त्याच्याशी बोलत राहते. नोरा जे बोलली ते सगळं संजीवनीचं होतं. अकोल्यात तिला त्या काचेपर्यंतही जाता आलं नव्हतं.

तिने वाचून संपवलं तेव्हा पुंजाजी जमिनीकडे बघत होते.

"गेला?"

"हो, मामाजी."

"जवळ कोणी व्हतं त्याच्या?"

"काचेच्या भायेर व्हते."

"तू व्हती?"

संजीवनीला गोष्टीत राहता आलं नाही. "मले नाही जाऊ देलं."

"मले बी नाही," पुंजाजी म्हणाले.

ते उठले. बुद्धांच्या मूर्तीपुढे, बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली आणि हात जोडून त्रिशरण म्हणू लागले. मध्येच अडखळले. संजीवनीने पुढचं उचललं, ते मागून म्हणत गेले. चार वर्षं राहिलेलं त्या दुपारी झालं. नंतर दोघांनी चहा घेतला. तिला हलकं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर होते. "प्रेमानंद उतरला का?"

"गेले ते, मामाजी. काल नाही का आपण..."

पुंजाजींचा चेहरा बघता बघता पडला. त्यांना कालचं काहीच आठवत नव्हतं, जणू आत्ताच पहिल्यांदा कळत होतं. ते छातीवर हात मारत रडले. त्याच्या पुढच्या सकाळीही तसंच झालं. एकदा सांगून भागेल, असं तिला वाटलं होतं. शेवटी तिने हात टेकले आणि पुन्हा "येतील, मामाजी" म्हणू लागली. तिच्यापुरता मात्र तो गेला होता. आता ते 'येतील' तिला जास्तच जड जायचं.

अ‍ॅपवर वाचक नाराज झाले. सांगलीवाल्याने लिहिलं, "असं मारू नका हो त्याला. दुसऱ्या विश्वातून आणा ना परत. मालिकेत आणतातच की." संजीवनीने उत्तर लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं आणि पुसलं. त्यानंतर तिने तिथे काही टाकलं नाही.

थंडीत 'ध्रुवयान'चा पुढचा सीझन आला. पुंजाजींना बरं वाटेल म्हणून तिने लावला. ते बराच वेळ बघत राहिले.

"हे कोन लोक व्हय?"

तिने एकेकाची ओळख करून दिली. कप्तान नोरा, नवा डॉक्टर, इंजिनवाला. नवख्या पाहुण्यांपुढे मान डोलवावी तशी त्यांनी डोलवली. आता ते प्रेमानंदचं विचारतील म्हणून ती थांबली. त्यांनी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हा प्रश्न थांबावा असं तिला किती वेळा वाटलं होतं! आता थांबला, तर घर खायला उठलं.

तिसऱ्या दिवशी तिनेच राहवेना म्हणून काढलं. "मामाजी, प्रेमानंद..."

"कोन?"

"जीप चालवत," ती म्हणाली. "शेगावच्या रस्त्यानं."

पुंजाजींनी आठवून पाहिलं. आठवेना, तसे ते थोडे ओशाळले.

"बरा माणूस व्हता का?"

"हो," संजीवनी म्हणाली. "लय बरे व्हते." आणि त्यांच्या शेजारी बसून ती सुरुवातीपासून सांगू लागली.