काळ्या कॅरमची शाळा

मित्रांनो, मी एक जुना कॅरम आहे, पण समोर आलो तर तुम्ही मला ओळखणार नाही. कॅरम म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पिवळसर, गुळगुळीत, चकचकीत अंगाचा कॅरम येतो. मी काळा आहे. सावळा वगैरे नव्हे, चांगला फळ्यासारखा काळाकुट्ट. नवीन कोणी घरात आलं की आधी मला बघून हसतं आणि मग विचारतं, "हा असा काऊन?" त्याचीच ही गोष्ट आहे. जरा निवांत बसा आणि हातातला चहाचा कप तेवढा माझ्या चौकटीवर ठेवू नका.

माझा जन्म वर्ध्याच्या एका सुताराच्या दुकानात झाला. आर्वीच्या एका जिनिंगमधल्या बाबू लोकांनी वर्गणी काढून मला विकत घेतलं. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढण्याचा कारखाना. हंगामात तिथे कोणाला मान वर करायला फुरसत नसे. पण कापूस संपून उन्हाळा लागला, की दुपारभर माझ्याभोवती नुसती झुंबड. तिथले दिवाणजी अण्णाजी हे माझे खरे धनी. त्यांचे जोडीदार बंडोपंत शाळेत मास्तर होते. सुट्टी लागली की ते माझ्यासाठीच जिनिंगमध्ये येत.

अण्णाजींची खेळण्याची एक रीत होती. स्ट्रायकरला बोट लावायच्या आधी ते सावकाश श्वास सोडत. भोवतीचे लोक कावत, "अण्णाजी, मारा ना बापा लवकर!" अण्णाजी मात्र ढिम्म. "स्ट्रायकर माह्या हातात हाय तवर डाव माहा हाय. तुम्ही काऊन घाई करून राह्यले?" असं म्हणत आणि मग अशी टिचकी मारत, की सोंगटी काठाला न शिवता जाळीत. या जोडीने तालुक्याची स्पर्धा जिंकली तेव्हा लोकांनी माझ्याही चौकटीला हार घातला. खोटं कशाला बोलू, मी तेव्हा फार चढून गेलो होतो.

पुढे ते जिनिंग बंद पडलं. अण्णाजी मला टमटममध्ये घालून तळेगावला आपल्या घरी घेऊन आले, आणि तिथे माझी रवानगी कपाटामागे झाली. उन्हाळ्यात तेवढं मला बाहेर काढत. खेळायला नव्हे, माझ्यावर मुंगवड्या वाळत घालायला! एके काळी हार घातलेला मी, अंगभर ओल्या डाळीचे गोळे घेऊन छपरावर पडलेला असायचो आणि कावळे माझ्या चौकटीवर येऊन बसायचे. राग यायचा, पण करतो काय?

अण्णाजींचा मुलगा मुकेश पेंटर. दुकानांच्या पाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. मग जिकडेतिकडे फ्लेक्सचे फलक आले आणि मुकेशचे ब्रश डब्यातच वाळू लागले. त्याची बायको वर्षाली बारावी शिकलेली, बोलायला मऊ आणि ठरवलेलं सोडायला कठीण. त्यांना दोन मुलं. थोरली सुरभी दहा वर्षांची, आणि धाकटा रजत, जो झोपेतसुद्धा बडबडतो.

सुरभी बोलताना अडखळते. शब्द तिच्या ओठांपर्यंत येतो आणि तिथेच अडून बसतो. ती आर्वीच्या एका शाळेत जायची. तिथे तिची वाचायची पाळी आली की मुलं तिची नक्कल करत, आणि बाई तिचा त्रास वाचावा म्हणून म्हणत, "बरं बस तू. पुढचा वाच." कोणी दुष्ट नव्हतं हो, पण रोज रोज तसं होऊन ती शाळेत बोलेनाशी झाली. मग रोज सकाळी तिचं पोट दुखू लागलं, आणि शेवटी ती घरीही गप्प राहू लागली. कपाटामागून मला या घरातले सगळे आवाज ऐकू येत, आणि त्यांतला एक आवाज कमी झालेला मला स्पष्ट कळला होता.

वर्षालीने ठरवलं, पोरगी काही दिवस घरीच शिकेल. शाळेच्या गाडीचं आणि शिकवणीचं भागवणं तसंही जड जात होतं. मग रजतही मागे लागला, मलाही घरीच शिकव. शेजारच्या मोठ्या मुलांची जुनी पुस्तकं आली. बेरीज-वजाबाकीला सोयाबीनचे दाणे, भूमितीला तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्या, मोठ्याने वाचायला शेवेच्या पुड्याचा कागद. कणीक मळताना पाढे, बुधवारच्या बाजारात तोंडी हिशेब. मला हे सगळं ऐकायला फार आवडायचं.

अण्णाजींना मात्र अजिबात आवडत नव्हतं. "सैपाकाच्या मधात कधी शाळा होते का?" ते म्हणायचे. "पोरगी घरात बसून अजूनच मुकी होईन."

"मामाजी, थोडा वेळ द्या तिले," वर्षाली सासऱ्यांना म्हणाली.

"दिला. उन्हाळ्यात बंडोपंताले बोलावतो. तो इतकी वर्षं मास्तर होता. त्याच्यासमोर तिनं तोंड उघडलं तं ठीक. नाई तं वर्ध्याच्या हॉस्टेलात टाकू. चार पोरींत राह्यली की बोलते आपोआप." आणि ते नुसतं बोलून थांबले नाहीत. हॉस्टेलात न्यायला म्हणून बाजारातून त्यांनी पत्र्याची एक निळी पेटी आणून कोपऱ्यात ठेवली. सुरभी त्या कोपऱ्याकडे बघायचं टाळायची. आजोबांचं तिच्यावर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. त्यांना तिची काळजी वाटत होती, आणि काळजी वाटली की ते हुकूम सोडायचे.

वर्षालीला एक फळा हवा होता. नवा घेणं शक्य नव्हतं. मग तिला मी आठवलो! अण्णाजी काही दिवस नालवाडीला बंडोपंतांकडे गेले होते. ती मुकेशला म्हणाली, "कपाटामागं कॅरम पडून हाय. पाट्यांचा काळा रंग उरला असेल तं त्याची मागची बाजू रंगवून द्या." मुकेशने मला अंगणात आडवं केलं आणि उलटसुलट करून पाहिलं. मित्रांनो, माझ्या पाठीला आधाराच्या लाकडी पट्ट्या आहेत. पेंटर माणूस कुठलाही पृष्ठभाग आधी हाताने चाचपतो. त्याने माझी पाठ चाचपली, मग माझं तोंड चाचपलं, समाधानाने मान हलवली, आणि त्या पठ्ठ्याने माझं तोंड रंगवलं! मी ओरडणार तरी कसा? मधलं वर्तुळ गेलं, राणीचा लाल ठिपका गेला, चारी बाजूंच्या रेघा गेल्या. जन्मभर ज्याचा अभिमान बाळगला तो चेहरा ब्रशच्या काही फटकाऱ्यांत पुसला गेला. मी अंगणात वाळत पडलो तेव्हा मला वाटलं, मुंगवड्या बऱ्या होत्या.

अण्णाजी परत आले आणि दारातच थबकले. "हे काय केलं रे तू? माह्या कॅरमचं तोंड काळं केलं!"

"मागून पट्ट्या हाय ना बाबा," मुकेश चाचरत म्हणाला. "खडू अटकते. पुढून कसा गुळगुळीत होता."

"गुळगुळीत होता म्हणूनच त्याले कॅरम म्हणत होते!" एवढं बोलून अण्णाजी आत गेले. त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याकडे पाठ करून बसत. वर्षालीलाही फार वाईट वाटलं. तिने मला भिंतीला टेकवून उभं केलं, पण माझ्यावर खडू टेकवताना तिचा हात कचरायचा.

कोंडी फोडली ती सुरभीने. एका दुपारी तिने मला जमिनीवर ठेवलं आणि आजोबांचा कॅरम त्यांना परत द्यायचा म्हणून खडूने माझ्यावर रेघा काढायला बसली. बिचारीने फार मनापासून काढल्या, पण काय काढल्या! मधलं वर्तुळ एका अंगाला कललेलं, कडेच्या रेघा थेट जाळीत घुसलेल्या. खाटेवरून अण्णाजी तिरक्या नजरेने पाहत होते. कसलेला खेळाडू सगळं सहन करेल, वाकडा कॅरम सहन करणार नाही. ते उठलेच. "असं नसते बापा! मधात म्हणजे मधात पायजे. जा, आईजवळून दोरी आण."

त्यांनी दोरी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली आणि सुरभीला खडूने खूण करायला लावली. मग दुसरी तशीच. जिथे दोन्ही रेघा एकमेकींना भेटल्या, तिथे राणीची जागा. मग खिळा, खिळ्याला दोरी, दोरीला खडू, आणि गरकन वर्तुळ. अण्णाजी सांगत होते, सुरभी मोजत होती, रजत मध्येमध्ये लुडबुडत होता. संध्याकाळी मुकेशने आपला सगळ्यात बारीक ब्रश काढला आणि त्या रेघा पांढऱ्या रंगाने पक्क्या केल्या. अनेक महिन्यांनी त्याच्या हाताला अशी नाजूक रेघ ओढायला मिळाली होती. आणि गंमत म्हणजे, ज्यांना घरातली शाळा मान्य नव्हती, ते अण्णाजी त्या दिवशी दुपारभर त्या शाळेत शिकवत होते. वर्षाली स्वयंपाकघराच्या दारातून हे पाहत होती. ती शहाणी, तशीच मागे फिरून कणीक मळायला लागली.

त्या दिवसापासून सकाळी मी फळा आणि दुपारी कॅरम. खडूची भुकटीच पावडर म्हणून चालते. सोंगट्या पूर्वीसारख्या पळत नाहीत, पण पोहोचतात. खेळताना अण्णाजींचा जुना नियम आला, आणि वर्षालीने तो अलगद उचलून सकाळच्या शाळेत नेला: ज्याच्या हातात स्ट्रायकर, त्याचं बोलणं. तोपर्यंत दुसऱ्याने त्याचा शब्द पुरा करायचा नाही. रजतला हा नियम म्हणजे शिक्षाच वाटली. सुरभी स्ट्रायकर मुठीत धरायची, आजोबांसारखा श्वास सोडायची आणि मग बोलायची. अडखळायची, पण थांबायची नाही, कारण तिच्या आड येणारं कोणी नव्हतं. दुसरा नियम राणीचा. राणी घेतली की लगेच दुसरी सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यावं लागतं, नाहीतर राणी परत मध्यावर जाते. वर्षाली म्हणायची, नुसतं उत्तर नको, कारण सांग, कव्हर दे.

आणि मग बंडोपंत आले. केस पिकलेले, हात थोडे थरथरणारे, पण मला बघताच खदखदून हसले ते तसेच. अण्णाजींनी मात्र निळी पेटी पुसून ठेवली होती. सुरभी माझ्या एका बाजूला बसली, बंडोपंत समोर. तिच्या मुठीत स्ट्रायकर होता.

"बाई, मले एवढंच सांग," बंडोपंत प्रेमाने तिला म्हणाले, "हा मधला ठिपका बरोबर मधात कसा काय काढला?"

सुरभीने श्वास सोडला. ओठ हलले. शब्द आला आणि अडला. रजतने तोंड उघडलं, अण्णाजींनी त्याच्या तोंडावर हात ठेवला. पुन्हा ओठ हलले, पुन्हा काही नाही. मला वाटलं, गेली पोर हॉस्टेलात. वर्षालीने पदर मुठीत आवळून धरला होता. आणि बंडोपंत शेवटी मास्तरच. त्यांना तिचे हाल पाहवेनात. "दोरी लावली का? दोन कोपऱ्यांले दोरी लावली, असंच ना? हो म्हण फक्त."

सुरभीचा चेहरा उतरला. 'बरं बस तू' ऐकल्यावर उतरत असे, अगदी तसाच. तिची मूठ सैल पडू लागली.

"बंडोपंत." अण्णाजींचा आवाज चढला नव्हता, पण सगळे दचकले. "स्ट्रायकर तिच्या हातात हाय."

बंडोपंतांनी एकदा अण्णाजींकडे पाहिलं, एकदा त्या मुठीकडे. "चुकलो बापा," ते म्हणाले आणि हात मांडीवर ठेवून गप्प बसले. जुन्या दिवसांत बसायचे तसे.

किती वेळ गेला कोण जाणे. मग सुरभी बोलली. "दो... दोरी या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत लावली. मंग दुसरी. त्या जिथं भेटल्या, थे... थेच मधली जागा."

"शाब्बास!" म्हणत बंडोपंत उठायला लागले.

"थांबा ना," सुरभी म्हणाली. "कव्हर राह्यलं." आणि तिने सांगितलं की त्या ठिपक्यापासून चारही कोपरे सारख्याच अंतरावर आहेत, दोरीने मोजून पाहा, म्हणून तो मध्य. या बोलण्यात ती चारदा तरी अडखळली असेल. कोणी हललं नाही. सांगून झाल्यावर तिने स्ट्रायकर माझ्यावर ठेवला आणि बंडोपंतांकडे सरकवला. आता त्यांची पाळी होती.

मित्रांनो, मला इतकं हायसं वाटलं, की तालुक्याच्या स्पर्धेचा हारही मी विसरलो. वर्षाली हसत हसत रडत होती. अण्णाजी उठले, त्यांनी कोपऱ्यातली निळी पेटी उचलून माझ्याजवळ आणून ठेवली आणि मुकेशला म्हणाले, "याच्यात सोंगट्या अन् खडू ठेवत जाजो. हरपतात लेकाचे."

आता गल्लीतली दोन-चार मुलंही दुपारी येतात. सुरभी पुढे शाळेत जाईल तेव्हा जाईल. तिलाच ते ठरवायचं आहे. माझं तुमच्याकडे फार मागणं नाही. माझ्यावर पाणी सांडू नका, ओल्या मुंगवड्या तर मुळीच नकोत. आणि तुमच्यासमोर एखादा अडखळत असेल, तर त्याचा शब्द तुम्ही पुरा करू नका. त्याचा डाव अजून चालू असतो.