तयारीत बसलेली वायर

"बाई, दोन्हीतली कुठलीही एक वायर उपटा. उपटाच! तुमचं बिस्कीट हूं की चूं करणार नाही," डबल छाती फुगवून म्हणाला.

कुलूप दोनदा ओढून बघायचा, फोन ठेवला की परत फोन करून "ठेवला ना?" विचारायचा, म्हणून त्याला सगळे डबल म्हणत.

या बिस्किटांच्या कारखान्यात भट्टी शेडमध्ये आणि ती चालवणारा कॉम्प्युटर समोरच्या ऑफिसात. मधली फायबरची वायर तुटली की पट्टा थांबायचा आणि भट्टीतला माल करपायचा. म्हणून डबलने दोन्हीकडच्या नेटवर्क स्विचच्या मधे आणखी एक वायर ओढली होती. पहिली गेली की दुसरीने आपणहून काम उचलायचं. जमलं, तर मालकीणबाईंच्या आणखी दोन कारखान्यांचं काम त्याचं. नाही जमलं, तर ताई त्याला सोलणारच होती. त्याच्या शब्दावर तिने पक्की नोकरी सोडून भावाच्या धंद्यात उडी मारली होती.

मालकीणबाईंनी मुळा उपटावा तशी वायर उपटली.

काचेपलीकडे पट्टा थांबला. करपल्याचा वास आला.

"खरंच की," बाई म्हणाल्या. "हूं नाही, चूं नाही. बिस्कीटच नाही." त्यांनी वायर परत खोचली. पट्टा सुरू झाला. "मी चहा घेऊन येते. तोवर काय ते बघा, नाहीतर सामान आवरा."

दार लागताच ताई वळली. "स्विचवरचा दुसऱ्या वायरीचा दिवा बघितला होतास?"

"दोनदा."

"कुठाय?"

दिवा दिसत नव्हता. त्याच्यावर स्टिकर होता. स्टिकरवर डबलचा हसरा फोटो आणि खाली 'विश्वासाचं दुसरं नाव'.

ताईने नखाने फोटो खरवडला. आधी हनुवटी गेली, मग हसू. खालचा दिवा ठार काळा.

"अरे गाढवा! या वायरीत काचेचे दोन धागे असतात. एक बोलायचा, एक ऐकायचा. तू बोलणाऱ्यासमोर बोलणारा लावलायस. दोन्हीकडून नुसती बडबड, ऐकतंय कोण?"

"म्हणजे आपल्या घरासारखं."

"तोंड बंद. धागे बदल."

त्याने धाग्यांची अदलाबदल केली. दिवा हिरवागार. त्याने दोनदा बघितला. ताईने तिसऱ्यांदा.

बाई आल्या. चहाची कपबशी डबलच्या हातात दिली आणि वायर उपटली. पट्टा सुरूच! ती परत खोचून, दिवा लागल्यावर, त्यांनी दुसरी उपटली. तरी सुरूच!

"अहो, ही तर जादू!" बाईंनी दार उघडून हाक मारली. "या रे सगळे, बघा!"

हिशेबनीस आले, ड्रायव्हर आला, हातमोज्यांसकट सगळा पॅकिंग विभाग आला. रांग लागली. एकेकाने वायर उपटायची, पट्ट्याकडे बघायचं, टाळ्या पिटायच्या. वॉचमनने तर दोनदा नंबर लावला. ताईने भावाच्या पाठीत असा धपका घातला की चहा सांडला.

"दोन्ही कारखाने तुमचे," बाईंनी जाहीर केलं. "उद्यापासून या. आता हा पट्टा कधीच थांबायचा नाही!"

तो खरंच थांबला नव्हता. पॅकिंगला मात्र कोणी नव्हतं. मंडळी शेडमध्ये परतली, तेव्हा पट्ट्याच्या टोकाशी गुडघाभर बिस्किटं साचली होती आणि वरून आणखी पडत होती.