गचांजाच्या गच्चीवरच्या सळया

नाकुरूच्या बाजारपेठेत भाड्याची माटाटू गाडी थांबली की दाराला लोंबकळणारा कंडक्टर एकच आरोळी ठोकायचा, "गोरोफाऽऽ! चला, गोरोफावाले उतरा!"

गोरोफा म्हणजे मजल्यावर मजले चढवलेली इमारत. तशा इमारती गावात पुष्कळ होत्या, पण थांब्याला नाव पडलं ते गचांजाच्या इमारतीवरून. तिला पाच मजले होते, आणि पाचाच्या वर बांधायला गावात बंदी होती. मेनेंगाईचा डोंगर पोटात आग घेऊन बसलेला, पाऊस जोराचा झाला की रस्त्यांना भेगा पडायच्या. तेव्हा उंच बांधू नका, असं साहेबलोकांनी कधीतरी ठरवलं आणि पुढं तेच चालत राहिलं. गचांजानं सगळ्यांच्या आधी पाच मजले पुरे केले. पुढं इतरांनीही पाच केले, पण नाव एकदा पडलं ते पडलं.

गचांजा रोज सकाळी तळमजल्यावर बायकोच्या चहाच्या दुकानापाशी खुर्ची टाकून बसायचा. हॅट मांडीवर, काठी गुडघ्यांमध्ये. आरोळी आली की तोंड चहाच्या कपात असलं तरी त्याचे कान हलायचे.

"झालं समाधान?" न्याकिओ मंदाझी तळता तळता विचारायची. "पोटात काही गेलं नाही तरी चालेल तुम्हाला. आरोळीवर दिवस निघतो."

"मी कुठं काय म्हणालो?"

"बोलायला कशाला हवं, मुगुरेचे बाबा? तुमचे कान बोलतात."

इमारतीच्या गच्चीवर लोखंडी सळया उभ्या होत्या, माणसाच्या कमरेएवढ्या. बंदी उठली की वर चढवायला म्हणून गचांजानं त्या बांधतानाच सोडून ठेवल्या होत्या. बंदी काही उठली नाही. सळया गंजून तांबड्या झाल्या. न्याकिओनं त्यांना दोऱ्या बांधल्या आणि साऱ्या भाडेकरणींची धुणी तिथं वाळू लागली. गावातली पोरं वडीलधाऱ्यांना लावायचं 'म्झे' लावून म्हणायची, म्झे गचांजाची दाढी वाढलीय. गचांजा हॅट सारखी करून म्हणायचा, "हसा. सरकारनं एकदा हो म्हणू दे, मग मान वर करून बघाल तर टोपी पडेल मागं."

आणि एक दिवस सरकार हो म्हणालं.

बातमी रेडिओवर आली. दुपारपर्यंत अख्खी बाजारपेठ गचांजाच्या खुर्चीसमोरून एकदा तरी जाऊन आली. "म्झे, कधी सुरू करायचं?" "म्झे, वाळू माझ्याकडूनच घ्या हं." गचांजा सगळ्यांना "बघू, बघू" म्हणत राहिला. संध्याकाळी तो वर गेला, एका सळईला धरून थोडा वेळ उभा राहिला, आणि खाली आला तेव्हा तळहात तांबडा झाला होता.

"काय म्हणतात सळया?" न्याकिओनं विचारलं.

"काय म्हणणार. पाया पाचाचाच आहे, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही."

"मला माहीत आहे हो. पण त्या सळयांना कुणी सांगितलं नव्हतं. बिचाऱ्या इतकी वर्षं ताठ उभ्या."

गचांजाला हसू आलं, पण ते हसू टिकलं नाही. कारण दुसऱ्याच आठवड्यात समोर, रस्त्याच्या पलीकडे, किनुथियाच्या टायरच्या दुकानाचे पत्रे उतरायला लागले.

किनुथिया त्याचा वाकिनी. एकाच हंगामात, एकाच नदीकाठी दोघांची सुंता झालेली; वाकिनीचं नातं भावापेक्षा जवळचं आणि भावापेक्षा तापदायक. वाकिनीनं वाकिनीला काहीही बोलावं, कुणी राग मानायचा नाही.

"काय रे, पत्रे गळत होते का?" गचांजानं रस्ता ओलांडून विचारलं.

"गळत नव्हते. पण तुझ्या घराची सावली सकाळी सकाळी अंगावर पडते, तिचा कंटाळा आला," किनुथिया म्हणाला. "म्हटलं, आता संध्याकाळी तुझ्यावर आपली पडू दे."

"किती चढवतोस?"

"पैसा पोचेल तिथवर. मोम्बासाचा आर्किटेक्ट धरलाय. तो बघेल."

गचांजा परत आला आणि खुर्चीत बसला. पुढची आरोळी आली, "गोरोफाऽऽ!" आणि पहिल्यांदाच ती ऐकून त्याची नजर समोरच्या उघड्या पडलेल्या भिंतींकडं गेली. समोर उंच उभं राहिलं की कंडक्टर तिकडेच हात करणार. कंडक्टर कुणाचा सगा नसतो. आपण मेल्यावरही गावात जी एक आरोळी राहणार होती, तीसुद्धा रस्ता ओलांडून जाणार.

किनुथियाच्या जागेवर नियमाप्रमाणे मोठा फलक लागला. मालक कोण, मजले किती, हरकत असेल तर अमुक दिवशी चर्चच्या सभागृहात या. गचांजानं चष्मा लावून फलक वाचला. मग चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग घाईघाईनं दुकानात आला.

"अगं, त्यानं सात लिहिलेत!"

न्याकिओच्या हातातला झारा थांबला. "तोंडानं काय घेता तो आकडा! मंदाझी करपतील."

गिकुयू जमातीच्या म्हाताऱ्यांच्या जगात तो आकडा नव्हताच म्हणा. शेळ्या मोजताना त्यावर जीभ आली की दुसरंच काहीतरी बोलून पुढं जायचं. तो शापाचा आकडा. जुन्या काळी ज्या दगडावर शपथ घालायचे, त्याला तेवढी भोकं असायची. मोम्बासाच्या आर्किटेक्टला यातलं काय ठाऊक? त्यानं पैसे मोजले, मजले काढले, रंगाऱ्यानं फलक रंगवला. आणि किनुथियाच्या डोळ्यांत मोतीबिंदू. त्यानं फलकावरचं आपलं नाव तेवढं कौतुकानं बघितलं होतं.

"सांगून या त्याला," न्याकिओ म्हणाली.

"सांगतो की. सभेत सांगतो."

न्याकिओनं नवऱ्याकडं एकवार बघितलं आणि मंदाझी उलटली.

सभेला सभागृह भरलं होतं. चहा आणि पाव फुकट होते म्हणून, आणि दोन म्हाताऱ्यांची जुंपणार अशी कुणकुण लागली होती म्हणूनही. सरकारी कचेरीतून नेकेसा नावाची तरुण बाई आली होती, पश्चिमेकडची, बुंगोमाची. तिनं उभं राहून फलकाची नक्कल स्वच्छ आवाजात वाचली, "मालक श्री. किनुथिया. इमारत सात मजली."

 पुढच्या रांगेतल्या एका आजीनं शालीखाली बोटं मोडली. मग मागून कुणीतरी म्हणालं, "वरच्या मजल्यावर कोण राहणार? किनुथियाची सासू का?"

हशा उसळला. नेकेसाबाई गोंधळून कागद उलटसुलट करू लागली. "काही चुकलं का?"

"तुमचं नाही चुकलं, ताई. म्हाताऱ्याचं चुकलं!" एक मोटरसायकलवाला ओरडला. "गुका, अहो आजोबा, तिथं भाडं तुम्ही द्या राहणाऱ्याला!"

किनुथिया उठला. "मी चर्चला जाणारा माणूस आहे. मी असलं काही मानत नाही."

"मग म्हणून दाखवा तो आकडा!"

किनुथियानं तोंड उघडलं. ओठ हलले. जीभ काही वळली नाही. सभागृह लोळायचं बाकी राहिलं.

"एक मजला कमी करा मग," नेकेसाबाई म्हणाली.

"ताई, बँकेनं एवढ्यालाच मान्यता दिलीय. कमी करायचं तर सगळं पहिल्यापासून, वर्ष जाईल. आणि वाढवायचं तर लिफ्ट बसवा म्हणतात. लिफ्टचे पैसे कुठून आणू?" किनुथियाचा आवाज बारीक झाला होता. हातात हॅट होती आणि तो तिची कड चुरगळत होता.

गचांजानं हरकत पाठ करून आणली होती. सावली, धुणी, सरोवरावरचे रोहित पक्षी दिसणार नाहीत, सगळं. आता त्यातलं काही बोलायचीही गरज नव्हती. नुसतं बसून राहिलं असतं तरी वर्षभर थांबा आपलाच होता, आणि वर्षभरात बँकेचं मन फिरलं तर कायमचा.  शेजारी न्याकिओनं फुकटच्या पावाचा तुकडा चहात बुडवला.

मोटरसायकलवाला पुन्हा ओरडला, "गुका, पाय लटपटतायत, बसा खाली!"

गचांजानं किनुथियाच्या पायांकडं बघितलं. खरंच लटपटत होते.

आणि त्याला नदीकाठची ती पहाट आठवली. बर्फासारख्या पाण्यातून बाहेर काढून पोरांना रांगेत उभं केलं होतं. सारं गाव बघत होतं. जो डगमगेल त्याच्या नावाला जन्मभराचा बट्टा. गचांजाचा डावा पाय थरथरायला लागला होता, आणि शेजारचा किनुथिया इतका खेटून उभा राहिला की तो पाय कुणाला दिसलाच नाही. त्यानंतर आयुष्यात किनुथियानं गचांजाची हजार वेळा टर उडवली. त्या पायावरून एकदाही नाही.

गचांजा काठी टेकत उठला. मागची पोरं खूश झाली. "आता ऐका! म्झे गोरोफा बोलणार!"

"बाई," गचांजा नेकेसाबाईला म्हणाला, "तुमच्या कचेरीत मजले कसे मोजतात? इंग्रजांसारखे की आमच्यासारखे?"

"म्हणजे?"

"इंग्रज तळाला मजला म्हणत नाही. तो जिना चढला की मग एकपासून मोजतो. फलक रंगवणारा इथलाच, त्यानं तळ धरून मोजलं. तळाला तर टायरचं दुकान राहणार. दुकानाला मजला कोण म्हणतं? तळ आणि त्यावर सहा, असं लिहा. इमारत तेवढीच, बँक तीच."

नेकेसाबाईनं कागद चाळले आणि तिचा चेहरा उजळला. "कचेरीच्या नकाशावर तसंच आहे की! तळ अधिक सहा. फलकच तेवढा चुकलाय."

"मग फलक पुसा."

टाळ्या पडल्या. किनुथिया हॅट धरून तसाच उभा होता. तेवढ्यात मोटरसायकलवाल्याच्या डोक्यात उजेड पडला. "थांबा, थांबा! म्हणजे म्झे, तुमच्या तळाला चहाचं दुकान आहे. मग तुमचं गोरोफा चारच मजल्यांचं?"

या वेळचा हशा सगळ्यांत मोठा होता. गचांजाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानं न्याकिओकडं बघितलं. तिनं चहाच्या कपात तोंड लपवलं होतं.

"चारच," तो म्हणाला. "इतकी वर्षं फुगवून सांगत होतो. लिहून घ्या, बाई."

घरी येताना न्याकिओनं कधी नव्हे ते त्याच्या कोपराला हात लावला. "सकाळी पाच मजल्यांच्या घरातून निघालो," ती म्हणाली, "आणि चार मजल्यांच्या घरात परत चाललो. बरं आहे, जिने तेवढे कमी चढायचे."

किनुथियाची इमारत वर्षभर वाढत राहिली. दुपार कलली की तिची सावली रस्ता ओलांडून न्याकिओच्या धुण्यावर येऊन बसायची. गचांजानं खुर्ची दुकानाच्या आत घेतली. बाहेर वारा फार लागतो म्हणाला. आरोळ्या आत नीट ऐकू येत नव्हत्या आणि त्याला त्या ऐकायच्याही नव्हत्या.

इमारतीत भाडेकरू आल्यावर एका सकाळी किनुथिया तणतणत दुकानात शिरला.

"ऊठ. बाहेर ये. ऐक हे."

"बसून सांग की. चहा घे."

"चहा नको. ऐक आधी."

दोघं दारात उभे राहिले. माटाटू आली. कंडक्टर लोंबकळत ओरडला, "गोरोफाऽऽ! गोरोफा, आणि गोरोफाच्या समोऽऽर! समोरवाले पण उतरा!"

"ऐकलंस? समोर! मी आभाळाला हात लावला आणि मी कोण, तर समोर! काल एका भाडेकरूचं सामान आलं. चिठ्ठीवर काय लिहिलं होतं? 'गोरोफासमोरची उंच इमारत, नाकुरू.'"

गचांजानं हॅट काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. चेहरा गंभीर ठेवायला त्याला फार कष्ट पडत होते. "बोलू का मी कंडक्टरांशी?"

"बोल ना! तुझं ऐकतात ते."

"बघू."

"बघू काय? वाकिनी आहेस ना माझा?"

"म्हणूनच म्हटलं, बघू. आधी तुझी गच्ची तर दाखव. इतके दिवस झाले, बोलावलं नाहीस."

लिफ्ट नव्हतीच. दोघे म्हातारे प्रत्येक वळणावर थांबत, एकमेकांच्या धापेला हसत वर चढले. सहाव्यानंतर गच्चीचा आणखी एक जिना होता; गचांजानं वर नजर टाकली नाही आणि किनुथियानंही तो मोजला नाही. दार उघडलं. खाली गचांजाची गच्ची दिसली, तांबड्या सळयांची, दाढी वाढलेल्या म्हाताऱ्याच्या हनुवटीसारखी. दुसऱ्या अंगाला सरोवर, आणि काठाला रोहित पक्ष्यांची गुलाबी किनार.

मग गचांजाचं लक्ष पायांशी गेलं. गच्चीभर कोऱ्या करकरीत सळया उभ्या होत्या, कमरेएवढ्या.

"आणि हे काय?"

किनुथियानं घसा खाकरला. "असू दे म्हटलं. सरकारचं काय सांगावं."

"आणि पाया?"

"पायाचं तू नको विचारू."

कोपऱ्यातल्या सळयांना दोऱ्या बांधलेल्या होत्या आणि त्यांवर ओल्या चादरी फडफडत होत्या. गचांजानं त्या ओळखल्या. निळ्या काठांची तर त्याच्याच पलंगावरची होती.

"सावलीची भरपाई," किनुथिया म्हणाला. "तुझी बायको पहिल्याच दिवशी येऊन जागा धरून गेली. मला काय विचारते! म्हणाली, सळया रिकाम्या उभ्या राहिल्या की माणसाच्या डोक्यात भलतंसलतं येतं."

खाली माटाटू थांबली. इतक्या वर आरोळी पुसट आली, पण आली. गचांजाचे कान हलले.

"हललेच बघ!" किनुथिया म्हणाला.

"वारा आहे," गचांजा म्हणाला, आणि ओल्या चादरीच्या आड तोंड वळवून सरोवराकडं बघत राहिला.