गुरांचा डॉक्टर बोलवणारं बटण

मित्रांनो, मी एक जुनं बटण आहे. सदऱ्याचं नव्हे हं, वेबसाइटवरचं! आमच्यात तीन वर्षं म्हणजे म्हातारपणच. खानापूर भागातल्या कोणाचं जनावर आजारी पडलं, की ते मोबाइलवर मला दाबतात आणि बेळगावात गुरांच्या डॉक्टरांना निरोप जातो. इतक्या अंगठ्यांखाली दिवस काढल्यावर माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. कोणी कौतुक केलं, तर आधी शंकाच येते.

माझा जन्म टिळकवाडीतल्या एका छोट्या कंपनीत झाला. वेबसाइटचा जो भाग डोळ्यांना दिसतो, तो घडवणाऱ्याला फ्रंट-एंड डेव्हलपर म्हणतात. माझा डेव्हलपर स्वरूप. त्याने मला गोल कडा दिल्या, हिरवा रंग दिला, खाली सावलीसुद्धा दिली. "काय देखणं झालंय रं!" मालक सुहास म्हणाले आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हाच खटकलं. मला दाबून बघितलं ते ऑफिसातल्या वेगवान इंटरनेटवर. लोंढा गावाच्या पलीकडे रेंज नसते, तिथे माझं काय होईल, हे विचारणारा एकही नव्हता.

व्हायचं तेच झालं. लोंढ्याजवळच्या एका वाडीत राजाबाईंची म्हैस अडली. रेडकू आडवं आलं होतं. राजाबाईंनी मला दाबलं. निरोप रडतखडत निघाला, पण मी मात्र जसंच्या तसं, हिरवंगार! 'थांबा' म्हणायला मला कोणी शिकवलंच नव्हतं. "आरं, गेलं का न्हाय त्ये?" म्हणत त्या बिचाऱ्या मला दाबतच राहिल्या. शेवटी सगळे निरोप एकदम बेळगावात धडकले आणि राजाबाईंच्या मोबाइलवर अक्षरं उमटली: 'संशयास्पद वापर. या वेबसाइटवर तुमचा नंबर बंद केला आहे.'

"कोणीतरी खोड्या काढतंय," ऑफिसात स्वरूप म्हणाला. "दुसरं काय!"

चिन्मयी तिथे नुकतीच कामाला लागली होती. तीही बटणंच घडवणारी, म्हणून तिच्यावरही माझा भरवसा नव्हता. पण ती म्हणाली, "एवढ्या वेळा उगीच कोण दाबेल? आपलंच काहीतरी चुकलं असणार." तिने तो नंबर शोधून सरळ फोन लावला.

"आक्का, बेळगावातून बोलतेय. काही अडचण आहे का?"

"म्हस मराय लागलीया गं!" राजाबाई ओरडल्या. "आनि तुमी मलाच चोर ठरवलासा व्हय?"

चिन्मयीने कळवताच डॉक्टर लगेच निघाले. म्हैस वाचली, रेडकू मात्र गेलं. मला फार वाईट वाटलं. त्या टाळ्या आठवून संतापही आला.

मग चिन्मयी माझ्यामागे हात धुऊन लागली. मुद्दाम हळू केलेलं इंटरनेट, स्वस्तातला मोबाइल, बाहेरचं रणरणतं ऊन, सगळीकडे तिने मला दाबून पाहिलं आणि दुरुस्त केलं. एवढी काळजी कशासाठी? हिलाही टाळ्याच हव्या असतील, असं मला वाटलं. पण मला ती सुहासांना दाखवायला गेलीच नाही. ती थेट राजाबाईंच्या गोठ्यात गेली.

राजाबाईंनी हात पदराआड घेतला. "मी न्हाय हात लावणार. मला चोर म्हणालंय त्ये."

"चूक आमची होती, आक्का. एकदा दाबा. काय खटकतंय ते मला सांगा."

डोळे बारीक करून त्यांनी अंगठा टेकवला. मी लगेच करडं झालं आणि म्हटलं, 'निरोप जातोय, थांबा.' थोड्या वेळाने म्हटलं, 'निरोप पोहोचला. डॉक्टर फोन करतील.'

"खोटं बोलत आसंल," राजाबाई म्हणाल्या. तेवढ्यात डॉक्टरांचा फोन खणखणला.

चिन्मयी हसली. राजाबाई हसल्या नाहीत. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "तवाच येवढं बोललं आसतं, तर माजं रेडकू आज हितं उड्या मारत आसतं."

चिन्मयी मान खाली घालून उभी राहिली.

मित्रांनो, तुमच्यातलं कोणी उद्या माझ्यासारखी बटणं घडवेल. मला देखणं करा, माझी ना नाही. पण समोरच्या माणसावर संशय घ्यायच्या आधी तो आपल्या कामावर घ्या. मला दाबणारं माणूस पलीकडे जीव मुठीत धरून थांबलेलं असतं. मला मुकं ठेवून त्याला मारू नका रे.